बत्तीस वेळा उचललेला हात: पक्षाघातानंतर व्हीआर गेम नेमकं काय करतात

आत्याने जेवताना चटणी मागितली. वाढणारी वहिनी गोंधळली, कारण चटणी ताटातच होती. मीठ, लिंबाची फोड, शेंगदाण्याची चटणी, काकडीची कोशिंबीर, सगळं जिथं वाढायचं तिथंच, ताटाच्या डाव्या बाजूला होतं. आत्याने उजवीकडची वांग्याची भाजी आणि आमटी संपवली होती. भाकरीसुद्धा उजव्या अंगाने तेवढी खाल्ली होती. वहिनीने ताट फिरवून डावी बाजू उजवीकडे आणली, तेव्हा आत्या म्हणाली, "आत्ता वाढलीस होय!"

तिचे डोळे चांगले होते, डॉक्टरांनी ते तपासून सांगितलं होतं. पण मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली की बऱ्याच रुग्णांच्या लेखी जगाची डावी बाजू उरतच नाही. डोळे ती बाजू टिपतात, मेंदू तिची दखल घेत नाही. असा माणूस दाराची डावी चौकट खांद्याला लागेपर्यंत चालत राहतो, दाढी करताना डावा गाल सोडून देतो, आणि आपलं काही चुकतंय हे त्याला कळतही नाही.

तीन आठवड्यांपूर्वी पहाटे आत्याच्या डाव्या अंगावरून वारं गेलं होतं. आमच्या भागात पक्षाघाताला असंच म्हणतात. घरच्यांनी तेल कोमट करून हातपाय चोळले, उतरेल म्हणून वाट पाहिली, आणि दवाखाना गाठेपर्यंत दुपार झाली.

मग मिरजेतल्या एका फिजिओथेरपी सेंटरमध्ये तिच्या डोळ्यांवर व्हीआरचा, म्हणजे व्हर्च्युअल रिअॅलिटीचं आभासी जग दाखवणारा, हेडसेट चढला. मी शेजारी उभी होते. ती जे पाहत होती ते बाजूच्या पडद्यावर आम्हालाही दिसत होतं. एक बाग, समोर टोपली, वरून फळं पडतायत. ती झेलून टोपलीत टाकायची. बागेत एक हात दिसतो, आणि खरा हात हलला की तोही हलतो. पहिली फळं मधोमध पडली. मग थोडी डावीकडे. मग आणखी डावीकडे. फिजिओ ताई म्हणाल्या, "काकू, मान वळवा, तिकडंही एक पडतंय." आत्याने मान वळवली. तीन आठवडे मांडीवर पडून असलेला डावा हात वीतभर उचलला गेला. फळ निसटलं. ती पुढच्या फळाकडे बघू लागली.

बाहेर आल्यावर माझा चुलतभाऊ म्हणाला, "एवढे पैसे भरून गेमच खेळवायचा असेल तर घरीच खेळवू की." प्रश्न अगदी रास्त होता. गेम खेळून गेलेला हात कसा परत येईल? त्या दिवसापासून मी या विषयावर हाताला लागेल ते वाचत, विचारत आले आहे. जे समजलं ते इथे मांडते, कारण ज्या घरात असा माणूस आहे त्या घराला हे कुणीतरी नीट बसून सांगायला हवं.

हात शाबूत असतो

पक्षाघात हा हाताचा आजार वाटतो, पण हाताचं काहीच बिघडलेलं नसतं. हाडं, स्नायू, सांधे सगळं जागेवर असतं. बिघाड वर असतो, जिथून हुकूम सुटतो तिथे. मेंदूला रक्त नेणारी नस गुठळीने बंद होते किंवा फुटते. साधारण शंभरातल्या पंच्याऐंशी जणांना गुठळीचा झटका येतो, उरलेल्यांना रक्तस्रावाचा. ज्या भागाचं रक्त थांबतं तिथल्या पेशी मरायला लागतात. मोठी नस बंद झाली तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी जातात, असा हिशेब जेफ्री सेव्हर या अमेरिकन डॉक्टरांनी २००६ मध्ये मांडला. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं. आमची ती पहाट तेल कोमट करण्यात गेली. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, की तेलाची वाटी बाजूला ठेवा आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या हॉस्पिटलकडे गाडी काढा. हे मी जिथे संधी मिळेल तिथे सांगते.

हुकमाच्या तारा मेंदूच्या खोडाच्या तळाशी एकमेकींना ओलांडतात, म्हणून उजव्या मेंदूत बिघाड झाला की डावं अंग जातं.

मेलेल्या पेशी परत जिवंत होत नाहीत. मग हात परत येतो तो कसा? शेजारच्या वाचलेल्या पेशी ते काम हळूहळू अंगावर घेतात. पण कुणी काम सांगितलं तरच. रँडॉल्फ नुडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये माकडांवर केलेल्या एका प्रयोगात हे फार स्पष्ट दिसलं. मेंदूच्या ज्या भागातून हाताची बोटं हलतात, त्याच्या एका छोट्या तुकड्याला त्यांनी इजा केली. ज्या माकडांना नंतर तसंच सोडून दिलं, त्यांच्या मेंदूतली हाताची उरलेली जागाही आक्रसत गेली. दुसऱ्या माकडांना मात्र छोट्या खळग्यांतून खाऊच्या गोळ्या बोटांनी काढायचा सराव पुन्हापुन्हा दिला. त्यांच्या बाबतीत हाताची जागा टिकली, काहींच्या मेंदूत तर ती शेजारच्या कोपर-खांद्याच्या हद्दीत शिरली. शेताचा बांध सरकावा तशी.

याच गोष्टीची दुसरी बाजू एडवर्ड टॉब यांनी दाखवली. एक हात चालेनासा झाला की प्राणी दुसऱ्या हाताने भागवायला शिकतो. तसं भागतं, म्हणून पहिला हात तो वापरतच नाही. पुढे त्या हातात थोडी ताकद आली तरी वापर सुरू होत नाही, कारण न वापरण्याचीच सवय पक्की झालेली असते. टॉब यांनी यावर उपाय काढला तो चांगल्या हाताला बांधून ठेवण्याचा. अमेरिकेत २२२ रुग्णांवर झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत रुग्णांनी जागेपणीचा बहुतेक वेळ चांगल्या हातावर जाड मोजा घातला, दोन आठवडे. कमजोर हाताला काम करावंच लागलं, आणि तो सुधारला. ज्यांच्या मनगटात आणि बोटांत थोडीतरी हालचाल शिल्लक होती अशांनाच या चाचणीत घेतलं होतं, हे इथे सांगायला हवं. पूर्ण लुळ्या हाताला हा उपाय लागू पडत नाही.

आमच्या घरीही हेच चाललं होतं. आत्या सगळं उजव्या हाताने करत होती, आणि आम्ही तिचं कौतुक करत होतो.

बत्तीस

आता तो आकडा, ज्याने मला या विषयात ओढलं. कॅथरीन लँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिका आणि कॅनडातल्या सात केंद्रांत जाऊन ३१२ थेरपी सेशन नुसती बसून पाहिली आणि मोजली. रुग्णाचा हात एका सेशनमध्ये कामाची हालचाल, म्हणजे वस्तू उचलणं, धरणं, ठेवणं, किती वेळा करतो? २००९ मध्ये छापलेलं उत्तर होतं सरासरी ३२. तेही हाताच्या थेरपीच्या जवळजवळ निम्म्याच सेशनमध्ये. बाकीच्या सेशनमध्ये अशी कामाची हालचाल झालीच नाही. प्राण्यांच्या मेंदूत बदल दिसले त्या प्रयोगांत मात्र दिवसाला चारशे ते सहाशे हालचाली करून घेतल्या होत्या.

हा दोष थेरपिस्टच्या माथी मारू नये. एका तासात कपडे सैल करायचे, ताठरलेले स्नायू ताणायचे, खांदा दुखतोय तो सांभाळायचा, उभं करायचं, चालवायचं, नातेवाइकांच्या शंका ऐकायच्या. शिवाय तोच पेला शंभर वेळा उचलायला सांगितलं तर कुणीही तिसाव्या वेळेला कंटाळतं. आत्या तर विसाव्यालाच "पुरे आता" म्हणून डोळे मिटायची. फिजिओ ताईंनी मला सांगितलं होतं की त्यांचं अर्धं काम शरीराचं आणि अर्धं मनधरणीचं आहे.

एका व्हीआर सेशनमध्ये पंचवीस मिनिटांत आत्याने किती फळांसाठी हात पुढे केला, हे यंत्राने शेवटी दाखवलं. १४६. तिला स्वतःला वाटलं होतं, वीस-पंचवीस झाली असतील.

गेम हाताकडून काय करून घेतो

या उपचाराच्या बाबतीत व्हीआर हा शब्द बराच सैल वापरला जातो, तेव्हा आधी तेवढं नीट करू. पहिला प्रकार घरगुती गेमच्या यंत्रांचा. निन्टेन्डोचं वी २००६ मध्ये आलं, मायक्रोसॉफ्टचं किनेक्ट २०१० मध्ये. एकात हातातल्या रिमोटची हालचाल कळते, दुसऱ्यात कॅमेरा अख्खं शरीर टिपतो, आणि खेळ समोरच्या टीव्हीवर दिसतो. दोन्ही स्वस्त होती, म्हणून थेरपिस्टनी ती लगेच वापरून पाहिली. दुसरा प्रकार डोळ्यांवर चढवायच्या हेडसेटचा. त्यात दोन डोळ्यांना किंचित वेगळी चित्रं दिसतात, त्यामुळे जवळ-लांब कळतं, आणि मान वळली की चित्रही तेवढंच वळतं. तिसऱ्या प्रकारात हात एका यंत्राच्या आधारावर ठेवलेला असतो. यंत्र हाताचं वजन पेलतं, आणि रुग्ण पडद्यावरचा खेळ खेळतो. ज्याला हात उचलताच येत नाही त्याच्यासाठी हा तिसरा प्रकार मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

यातला प्रत्येक खेळ तीन-चार साध्या गोष्टी साधतो. एक तर केलेल्या हालचालीचं फळ त्याच क्षणी दिसतं. घरी आत्या हात दोन बोटं जास्त उचलते तेव्हा तिला ते कळत नाही, आम्हालाही नाही. गेममध्ये तेवढ्याने फळ टोपलीत पडतं, आवाज येतो, गुण वाढतात. दुसरं म्हणजे अवघडपणा तिथल्या तिथे बदलता येतो. सगळी फळं झेलली जायला लागली की ती लांब पडतात, सगळी निसटायला लागली की जवळ. सोपं असेल तर शिकणं होत नाही आणि फार अवघड असेल तर माणूस सोडून देतो. या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात रुग्णाला ठेवणं हेच थेरपीचं कसब आहे, आणि यंत्र ते न थकता करतं. तिसरं, खेळाची गोडी. खेळताना मेंदूत डोपामिन नावाचं रसायन सुटतं हे १९९८ मध्ये लंडनमधल्या संशोधकांनी स्कॅनवर दाखवलं. त्यांच्या प्रयोगातली माणसं पडद्यावर रणगाडा चालवत होती. शिकलेली हालचाल मेंदूत मुरवण्यात डोपामिनचा हात असतो.

आणि एक गोष्ट खऱ्या जगात करताच येत नाही. बार्सिलोनातल्या पॉल फेरशूर यांच्या गटाने गेममधला हात खऱ्या हातापेक्षा थोडा जास्त पुढे जाईल असं करून पाहिलं. हात वीतभर हलला तर पडद्यावर तो दीड वीत जातो. हात पोहोचतोय असं दिसलं की रुग्ण तो हात निवडायला लागतो. टॉब यांनी सांगितलेली न वापरण्याची सवय मोडायचा हा दुसरा रस्ता. चांगला हात बांधून ठेवण्यापेक्षा हा मला जास्त माणुसकीचा वाटतो.

डावीकडच्या विसरलेल्या जगासाठी हेडसेटचा खास उपयोग होतो. फळं कुठे पडायची हे थेरपिस्टच्या हातात असतं. आधी उजवीकडे, मग मध्यावर, मग रोज चार बोटं डावीकडे. कुठवरची फळं दिसली आणि कुठून पुढची सुटली, याची नोंद राहते. चटणी सापडते की नाही हे जेवणाच्या ताटावर पाहण्याआधी इथे समजतं.

चाचण्यांनी काय दाखवलं

इथवर वाचून कुणी लगेच हेडसेट विकत घ्यायला निघालं असेल, तर जरा थांबा. गेमचे फायदे पटण्यासारखे आहेत, पण पटणं आणि सिद्ध होणं यांत अंतर असतं.

टोरांटोचे गुस्तावो सॅपोझ्निक यांनी २०१० मध्ये २२ रुग्णांवर वी वापरून छोटी चाचणी केली, तेव्हा निकाल आशादायक होते. मग त्यांनीच मोठी चाचणी घेतली: चार देश, १४ केंद्रं, १४१ रुग्ण. सगळ्यांना नेहमीची थेरपी होतीच. त्यावर अर्ध्यांना दोन आठवड्यांत तासातासाची दहा सेशन वीवर. उरलेल्या अर्ध्यांना तेवढाच वेळ साधे बैठे खेळ: पत्ते, बिंगो, एकावर एक रचलेल्या लाकडी ठोकळ्यांचा खेळ. २०१६ मध्ये निकाल आला. दोन्ही गट सुधारले, आणि सारखेच सुधारले. पत्ते खेळणारे मागे पडले नाहीत.

पुढच्या वर्षी नॉर्वे, डेन्मार्क आणि बेल्जियममधल्या १२० रुग्णांवरच्या चाचणीचा निकालही तसाच होता. तिथे खास थेरपीसाठी बनवलेली व्हीआर प्रणाली होती, आणि तुलना तेवढ्याच तासांच्या नेहमीच्या हाताच्या थेरपीशी. फरक नाही.

बऱ्याच बातम्या इथे थांबतात आणि "व्हीआर निरुपयोगी" असा मथळा देतात. मला तो निष्कर्ष चुकीचा वाटतो. या चाचण्यांनी वेळ सारखा ठेवला होता. थेरपिस्ट शेजारी बसून तासभर हात हलवून घेत असेल, तर गेमने तेवढंच केलं, कमी केलं नाही. खरा प्रश्न असा की ज्याला तो तास मिळतच नाही त्याचं काय? जगभरच्या चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेनच्या २०१७ च्या आढाव्यात ७२ चाचण्या आणि २,४७० रुग्ण होते. व्हीआर नेहमीच्या थेरपीच्या जागी दिलं तर हाताच्या कामात ते सरस ठरलं नाही. नेहमीच्या थेरपीत भर म्हणून दिलं, म्हणजे एकूण वेळ वाढला, तेव्हा फायदा दिसला. २०२५ मध्ये हाच आढावा नव्याने आला तेव्हा चाचण्या १९० झाल्या होत्या, आणि या वेळी हाताच्या बाबतीत व्हीआरकडे थोडं झुकतं माप पडलं. थोडंच.

मला सर्वांत भावलेला प्रयोग जॉन क्रॅकॉअर यांच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या गटाचा. त्यांनी गेम बनवणारे कलाकार आणि प्रोग्रॅमर हाताशी घेऊन एक डॉल्फिन तयार केला. रुग्णाचा हात यंत्राच्या आधाराने हवेत तोललेला असतो, आणि तो हात म्हणजेच डॉल्फिन. हात फिरला की डॉल्फिन पाण्यात वळतो, उसळी मारतो, मासे पकडतो, शार्कशी झुंजतो. पेला उचला, ठोकळा ठेवा असलं काही सांगितलेलं नाही. लहान मूल पाळण्यात हातपाय झाडत सगळ्या दिशा शोधतं, तसं हाताने पुन्हा मोकळं हिंडावं ही कल्पना. झटक्यानंतर सहा आठवड्यांच्या आतले २४ रुग्ण घेतले. निम्म्यांना डॉल्फिन, निम्म्यांना तेवढीच भरगच्च नेहमीची थेरपी, दोघांनाही तासाची तीस सेशन जादा. २०२१ चा निकाल: दोन गटांत फरक नाही. पण पूर्वी नुसती नेहमीची थेरपी मिळालेल्या तशाच रुग्णांशी ताडून पाहिलं, तर हाताच्या कामात दोन्ही गट पुढे होते.

म्हणजे गाडी पुन्हा तिथेच येते: किती, आणि किती लवकर. गेम हे ते करून घेण्याचं साधन.

पण "किती" हा आकडा नुसता वाढवत नेला की झालं, असंही नाही. बत्तीसचा आकडा काढणाऱ्या त्याच कॅथरीन लँग यांनी झटक्याला सहा महिने उलटून गेलेल्या ८५ जणांकडून काहींच्या ३,२००, काहींच्या ६,४००, तर काहींच्या ९,६०० हालचाली करून घेतल्या. २०१६ मध्ये त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं की जास्त हालचालींनी जास्त सुधारणा झाल्याचं दिसलं नाही. वेळ निघून गेल्यावर नुसत्या आकड्याने भरून येत नाही, असा मी त्याचा अर्थ लावते. २०२१ मध्ये ७२ रुग्णांवरच्या एका चाचणीने याला दुजोरा दिला. वीस तासांची जादा थेरपी काहींना पहिल्या महिन्यात दिली, काहींना दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, काहींना सहा महिन्यांनंतर. सगळ्यांत जास्त लाभ दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात मिळालेल्यांना झाला, सहा महिन्यांनंतरच्यांना नाव घेण्यासारखा झालाच नाही.

फार लवकर घाई केली तरी नुकसान होतं. २,१०४ रुग्णांच्या एका मोठ्या चाचणीत झटक्यानंतर चोवीस तासांच्या आत रुग्णांना वारंवार उठवून भरपूर हालचाल करायला लावली. २०१५ च्या निकालानुसार त्यांची परिस्थिती तीन महिन्यांनी इतरांपेक्षा वाईट होती. म्हणून पहिले काही दिवस डॉक्टर सांगतील तेवढंच. त्यानंतरचे तीन महिने मात्र लाखमोलाचे. आपल्याकडे नेमके हेच महिने "आधी घरी नेऊ, जरा अंगात ताकद येऊ दे" म्हणण्यात जातात, आणि याची मला फार हळहळ वाटते.

खांदा खुर्चीला टेकवून

तिसऱ्या सेशनला आत्याचे गुण एकदम वाढले. आम्ही खूश. फिजिओ ताई मात्र पडद्याकडे न बघता तिच्या पाठीकडे बघत होत्या. त्यांनी गेम थांबवला. "काकू, फळ हातानं घ्यायचं. कंबरेतून वाकून नाही."

खरंच, आत्याचा हात आहे तिथेच होता. ती सगळं अंग डावीकडे झुकवून हात फळापर्यंत नेत होती. गेमला ते कळत नव्हतं. हात पोहोचला, गुण मिळाला. पण कोपर सरळ व्हायला शिकलं नाही, आणि झुकण्याची सवय मात्र शिकली गेली असती. ताईंनी एक रुंद पट्टा आणून तिची पाठ खुर्चीला अलगद बांधली, खांदा टेकवला, आणि फळं जवळ आणली. गुण निम्म्यावर आले. आत्या रुसली. "मघाशी तर सगळी झेलली होती की मी." ताई तिच्या गुडघ्याशी बसल्या आणि कोपराला बोट लावून म्हणाल्या, "मघाशी पाठीनं झेलली होती. आता हे कोपर झेलतंय."

गेम घरीच का खेळवू नये, या माझ्या चुलतभावाच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या पाच मिनिटांत मिळालं. गेम हालचाल मोजतो. ती कशी झाली ते बघायला माणूस लागतो. निदान सुरुवातीला तरी.

आणखी काही जपायच्या गोष्टी आहेत. हेडसेटमध्ये डोळ्यांना वाटतं आपण हललो, कानातला तोल सांभाळणारा अवयव म्हणतो बसून आहोत. या भांडणातून मळमळ येते, घेरी येते. म्हणून पहिलं सेशन पाच-दहा मिनिटांचं, आणि नेहमी बसून. फिट्स येऊन गेल्या असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हेडसेट चढवू नये. झटक्यानंतर खांद्याचा सांधा सैल होतो, तेव्हा "मी धरते, तू खेळ" म्हणून नातेवाइकाने लुळा हात ओढून वर करू नये, खांदा निखळतो. उभ्याने खेळायचे तोल सांभाळण्याचे गेम चांगले असतात, पण मागे धरायला माणूस हवा. डोळ्यांवर हेडसेट असलेल्या माणसाला जमीन दिसत नाही.

घरी, आणि आपल्याकडे

सेंटर गावापासून लांब असेल तर? रिक्षा, एस.टी., सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी, हे सगळं धरलं तर आठवड्यातून तीनदा येणंही बहुतेकांना परवडत नाही. म्हणूनच अमेरिकेत १२४ रुग्णांवर झालेली आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेली एक चाचणी मला महत्त्वाची वाटते. निम्मे रुग्ण केंद्रात येत, निम्म्यांच्या घरी इंटरनेटला जोडलेलं यंत्र बसवलं, त्यात हाताच्या व्यायामाचे गेम होते. सत्तर मिनिटांची ३६ सेशन. त्यांतल्या अठरा सेशनना थेरपिस्ट व्हिडिओवर हजर, उरलेली रुग्णाने एकट्याने करायची. दोन्ही गटांचे हात जवळपास सारखेच सुधारले. थेरपिस्ट घरात नव्हता, पण त्याचं लक्ष होतं.

याच्या उलट बाजूची चाचणी आपल्याच देशात झाली आहे. भारतातल्या १४ हॉस्पिटलांत १,२५० रुग्ण घेऊन तपासलं की कुटुंबातल्या एका माणसाला व्यायाम शिकवला आणि घरी त्यानेच करून घेतला, तर फरक पडतो का? २०१७ चा निकाल: सहा महिन्यांनी दोन्ही गटांत सुमारे ४७ टक्के लोक एकतर दगावले होते किंवा दुसऱ्यावर अवलंबून होते. फरक नाही. नातेवाइकांची माया कमी पडली असं यातून काढणं अन्यायाचं होईल. घरातला एक माणूस शिकवून मोकळं झालं की थेरपीची जबाबदारी संपली, या समजाला मात्र त्या निकालाने धक्का दिला.

या दोन चाचण्यांच्या मधली जागा भरायचा एक प्रयत्न वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आणि आयआयटी मद्रासने केला आहे. प्लूटो नावाचं त्यांचं एक आटोपशीर यंत्र टेबलावर मावतं. त्यात मनगटासाठी, मुठीसाठी, बोटांसाठी वेगवेगळी हँडल बसवता येतात, हात जेवढा हलतो तेवढ्यावर संगणकातला खेळ चालतो, आणि हालचाल कमी पडली तर यंत्र हात देतं. परदेशी रोबोंच्या किमतीत आपल्याकडे एखादं घर होईल. तेव्हा इथल्या दवाखान्यांना आणि घरांना डोळ्यांसमोर ठेवून काही बनतंय ही मोठी गोष्ट आहे.

सेंटर निवडताना हेडसेट कोणत्या कंपनीचा आहे हे विचारू नका. एका सेशनमध्ये हात किती वेळा हलतो हे विचारा. अवघडपणा कोण आणि कशावरून ठरवतो, खेळताना शेजारी कुणी बसतं का, आणि गेममधली हालचाल घरातल्या कुठल्या कामाशी जोडणार आहेत, हे विचारा. शेवटचा प्रश्न मला सगळ्यांत मोठा वाटतो. फळ झेलणारा हात पेला धरायला आपोआप शिकत नाही. आमच्या ताई गेम संपला की दहा मिनिटं खरी वाटी, खरा चमचा, खरं बटण आत्याच्या हातात देत. आणि कुणी महिनाभरात हात पूर्ववत करतो म्हणालं, तर तिथून उठा.

आत्याचं व्हीआर दोन महिने चाललं, मग पैशांनी आणि पावसाळ्याने थांबलं. डावा हात अजून साडीच्या निऱ्या घालत नाही. पेला धरतो, उजव्या हाताने झाकण फिरवताना डबा दाबून धरतो. ताटाच्या डाव्या काठाला ताईंनी लाल चिकटपट्टी लावून दिली आहे. जेवायला बसली की आत्या आधी ती पट्टी शोधते, मग खायला लागते.

दुपारी ओसरीवर दोन वाट्या असतात. एकीत चिंचोके, दुसरी रिकामी. डाव्या हाताने एकेक चिंचोका इकडून तिकडे टाकायचा, पाठ भिंतीला टेकवून. शेजारची चौथीतली मुलगी समोर बसून मोजते, आणि आत्या कंबरेतून झुकली की "आजी, पाठ!" म्हणून ओरडते. तो चिंचोका मोजला जात नाही. काल एकशे बारा झाले, त्यांतले नऊ बाद.